मोम्बासाचं चर्च कोणी उभं केलं? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

केनियाच्या किनाऱ्यावरच्या मोम्बासाच्या अँग्लिकन धर्मप्रांतावरच्या (म्हणजे एका बिशपच्या अखत्यारीतल्या चर्चच्या प्रदेशावरच्या) माझ्या लेखावर तुम्ही मनापासून आणि सविस्तर लिहिलंत, तेव्हा उत्तरही सविस्तरच द्यायला हवं. तुमचे आक्षेप तीन. हा इतिहास म्हणजे गोऱ्या मिशनऱ्यांचं गुणगान आहे. गुलामीतून सुटलेल्या पोरांना न विचारता ख्रिस्ती केलं, त्याला मुक्ती म्हणता येत नाही. आणि केनियातल्या चर्चशी मराठी वाचकाचा संबंध काय?

तिसऱ्यापासून सुरुवात करतो, कारण तुम्ही नाशिकचे आहात असं तुम्हीच लिहिलंय. ज्या शरणपूरचं नाव तुमच्या शरणपूर रोडला आहे, ती वस्ती चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लिश मिशनरी संस्थेच्या विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५०च्या दशकात वसवली. त्या काळात ब्रिटिश आरमार हिंदी महासागरात गुलामांची गलबतं पकडत असे. त्यांतली पोरं मुंबई बंदरात उतरवली जात आणि त्यांतली कितीतरी शरणपूरला पोचत. तिथे ती लिहा-वाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. पुढे पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर या मंडळींना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणू लागले. १८७३मध्ये आफ्रिकेत फिरणारा संशोधक-मिशनरी लिव्हिंगस्टन वारल्यावर त्याच्या हृदयाच्या दफनाच्या वेळी प्रार्थना वाचणारा आणि शेजारच्या झाडावर मजकूर कोरणारा जेकब वेनराइट हा नाशिकच्या शाळेतलाच.

त्याच वर्षी झांझिबारच्या सुलतानाशी गुलामांचा व्यापार बंद करण्याचा तह झाला. त्यासाठी खटपट केली बार्टल फ्रियर यांनी. हे पूर्वी मुंबईचे गव्हर्नर होते. मग सोसायटीने प्राइसना मोम्बासाला धाडलं. बेटासमोरच्या मुख्य भूमीवर वस्ती उभी राहिली, तिला फ्रियरटाऊन हे नाव पडलं, आणि ती उभारायला मुंबई-नाशिककडचे सुमारे दीडशे बॉम्बे आफ्रिकन आले. म्हणजे ज्या वसाहतीतून हा धर्मप्रांत वाढला, तिची पहिली माणसं आपल्याकडून गेलेली होती. याहून जवळचा संबंध कुठला सांगू?

आता गुणगानाचं. मिशनऱ्यांचे हाल मी लिहिले, कारण ते घडले. सोसायटीचा मिशनरी क्राफ १८४४मध्ये मोम्बासाला आला आणि काही आठवड्यांतच त्याची बायको आणि तान्ही मुलगी दोघीही गेल्या. त्याचा सहकारी रेबमान १८७५पर्यंत तिथे राहिला, डोळे जवळजवळ गमावून परतला. पण इतक्या वर्षांत मोम्बासाजवळच्या रबाई या मिशनच्या गावात बाप्तिस्मा घेतलेले लोक बोटांवर मोजण्याइतके होते. लोक जमू लागले ते नंतर, आणि जमवणारे गोरे नव्हते.

विल्यम जोन्सचंच घ्या. जन्माने याओ या आफ्रिकन जमातीचा, लहानपणी पकडून विकलेला, मग नाशिकला वाढलेला. इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड यांच्याबरोबर तो १८६४मध्ये रबाईला आला, म्हणजे फ्रियरटाऊनच्या दहा वर्षं आधी. १८८५मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्स आणि सेमलर यांना डीकनपदाची, म्हणजे पाद्रीपदाच्या पहिल्या पायरीची, दीक्षा दिली. त्याच वर्षी बिशप आजच्या युगांडातल्या बुगांडा राज्याकडे निघाले तेव्हा जोन्स सोबत होता. वाटेत त्याच्यावर मोठा तांडा सोपवून बिशप थोडी माणसं घेऊन पुढे गेले आणि ऑक्टोबरमध्ये बुगांडाचा राजा म्वांगा याच्या हुकमावरून शेजारच्या बुसोगात मारले गेले. जोन्स तळावर वाट बघत राहिला. जीव वाचवून आलेल्या मोजक्या हमालांकडून बातमी कळल्यावर उपाशी, आजारी, धास्तावलेला तांडा त्याने शेकडो मैल चालवत परत आणला. ४ फेब्रुवारी १८८६ला तांडा रबाईत शिरला तेव्हा पुढे एक निळं निशाण होतं आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द होता, 'ईखाबोद'. जुन्या करारातला हा शब्द, वैभव गेल्याचा. हॅनिंग्टन यांच्या हौतात्म्याच्या कथा पुष्कळ छापल्या गेल्या. माणसं जिवंत परत आणणारा जोन्स त्यांत कुठेतरी कोपऱ्यात सापडतो, आणि याचा मला खरोखर राग येतो.

हाच जोन्स रबाई सांभाळत असताना मालकांकडून पळून आलेले गुलाम मिशनच्या आसपास झोपड्या बांधून राहू लागले. कायद्याने त्यांना आसरा देता येत नव्हता, आणि सोसायटीलाही ते नको होतं. तरी माणसं येत राहिली, राहत गेली. १८८८मध्ये मालक लढायला उठले तेव्हा पूर्व आफ्रिकेतल्या ब्रिटिश व्यापारी कंपनीच्या जॉर्ज मॅकेंझी यांनी मालकांना पैसे मोजून प्रकरण मिटवलं आणि १ जानेवारी १८८९ला चौदाशेच्या आसपास माणसांना मुक्तीचे कागद दिले. पैसे मिळाले ते मालकांना, हे विसरू नका. पण इतकी माणसं तिथे टिकली, ती कोणाच्या भरवशावर?

दुसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. त्या पोरांना कोणी विचारलं नाही हे अगदी खरं आहे. घर कुठलं, आई कोण, नाव काय, सगळं गेलं आणि वाट्याला आलं वेनराइट, जोन्स, वेलिंग्टन. फ्रियरटाऊनमध्येही शिस्तीच्या नावाखाली फटके मारले जात. १८८१च्या सुमारास त्यावर तक्रारी होऊन चौकशी झाली. पण याच माणसांनी मोठेपणी काय केलं तेही बघा. मिशनऱ्यांच्या वागणुकीविरुद्ध ती बोलली, बरोबरीचा मान मागितला, आणि जे धर्मशास्त्र त्यांना शिकवलं गेलं त्याच्याच आधारावर मागितला. त्यांना केवळ 'बाटवलेली पोरं' म्हणून सोडून दिलं, तर त्यांचं आयुष्य दुसऱ्यांदा दुसऱ्याच्याच नावावर जातं. फुलादोयो ही पळालेल्या गुलामांची ख्रिस्ती वस्ती तर कोणा गोऱ्याने वसवलेली नव्हती. तिचा प्रमुख डेव्हिड कोई १८८३मध्ये मारला गेला.

पुढचा सरकारी-चर्ची इतिहास भराभर सांगतो. १८८४चा पूर्व विषुववृत्तीय आफ्रिकेचा अवाढव्य धर्मप्रांत १८९८मध्ये मोम्बासा आणि युगांडा असा विभागला गेला. हॅनिंग्टन यांच्या स्मरणार्थ बांधलेलं, घुमटाचं, किनाऱ्यावरच्या मशिदींशी नातं सांगणारं कॅथिड्रल १९०५चं. पुढे वाटण्या होत होत आजचा मोम्बासा धर्मप्रांत किनाऱ्यापुरता उरला. आज तिथे उपासना स्वाहिलीतही चालते, बिशप केनियाचेच असतात, आणि रबाईच्या जुन्या चर्चच्या परिसरातच किनाऱ्यावरच्या मिजिकेंड लोकांची पवित्र 'काया' वनं आहेत, २००८मध्ये युनेस्कोच्या यादीत आलेली. फ्रियरटाऊनमध्ये गुलाम पकडणारे आले की इशारा द्यायला घंटा वाजवत. त्या चौकाला लोक आजही केंगेलेनी म्हणतात, स्वाहिलीत घंटा म्हणजे केंगेले.

एक विनंती. तुम्ही नाशिकमध्येच आहात, तर शरणपूरच्या जुन्या ख्रिस्ती घरांत या आफ्रिकन मुलांच्या काही आठवणी, फोटो, कागद आहेत का, ते विचाराल? काही मिळालं तर इथेच खाली लिहा. पुढचा लेख त्यावरच करू, आणि तुमचे आक्षेपही त्यात तुमच्याच शब्दांत येऊ देत.