चक्कर आलेल्या माणसाला आडवं करून बघा

परवा रात्री दीडच्या सुमारास भांडुपहून एक काकू कॅज्युअल्टीत आल्या. डोळे घट्ट मिटलेले, एका हाताने मुलाचा शर्ट धरलेला, दुसऱ्या हातात उलटीसाठी प्लास्टिकची पिशवी. मुलाकडे जाडजूड फाइल होती. चार महिन्यांतली ही तिसरी खेप. मेंदूचे दोन सीटी स्कॅन, दोन्ही नॉर्मल. मानेचा एक्स-रे, त्यावर 'स्पॉन्डिलायटिस' असा शेरा आणि म्हणून गळ्यात पट्टा. चक्करसाठी बीटाहिस्टिनच्या गोळ्या दिवसातून तीनदा, जोडीला सिनारिझिन.

मी विचारलं, "काकू, चक्कर नेमकी कधी येते?"

"मॅडम, उजव्या कुशीवर वळले की खोली फिरायला लागते. आणि गॅलरीत वर बघून दांडीवर कपडे टाकताना."

"किती वेळ राहते?"

"असेल मिनिटभर. पण तेवढ्यात जीव नकोसा होतो."

या दोन उत्तरांत निदान जवळजवळ झालं होतं. त्यांना ट्रॉलीवर बसवलं, मान उजवीकडे ४५ अंश वळवली आणि पटकन मागे आडवं केलं, डोकं कडेच्या थोडं खाली जाईल असं. चार-पाच सेकंद काहीच नाही. मग बुबुळं वरच्या दिशेने आणि खालच्या कानाकडे गोल फिरत झटके द्यायला लागली. काकू किंचाळल्या, सिस्टरने त्यांचे खांदे धरले. पाऊण मिनिटात सगळं शांत. तिथूनच डोकं सावकाश डावीकडे, मग सगळं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, मग उठून बसवणं. पंधरा मिनिटांनी पुन्हा तीच तपासणी केली, तर डोळे स्थिर. सीटी नाही, सलाइन नाही. पट्टा काढून फाइलमध्ये ठेवला.

मुलगा खूश होता. मला मात्र घरी जाताना लोकलमध्ये रडू आलं. चार महिने ही बाई रात्री बसून झोपत होती.

आतल्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे असतात. ते जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नळीत शिरले की डोकं हलवताच माणूस गरगरतो. हे ओळखायची, काकूंना आडवं करून केलेली तपासणी मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी १९५२ साली सांगितली. मग डोकं-अंग वळवत खडे परत जागी नेण्याची कृती अमेरिकेतल्या जॉन एप्ली यांनी १९८० मध्ये मांडली. ती रीतसर छापून यायला १९९२ उजाडलं. म्हणजे उपचार मुंबईच्या निम्म्या रेसिडेंट डॉक्टरांपेक्षा वयाने मोठा आहे. त्याला मशीन लागत नाही. लागतात ते कुणीतरी शिकवलेले हात.

हे सगळं मी इतक्या पोटतिडकीने लिहितेय त्याचं कारण भांडुपच्या काकू नाहीत. नऊ वर्षांपूर्वी एका दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये मी सीएमओ, म्हणजे कॅज्युअल्टीची मेडिकल ऑफिसर होते. दादरच्या बाजारात भाजी विकणारा, ४६ वर्षांचा माणूस आला. पहाटेपासून सतत गरगरणं, सारख्या उलट्या. बीपी थोडं जास्त, शुगर ठीक, ईसीजी ठीक, सीटी स्वच्छ. मी उलटी-चक्करसाठी प्रोक्लोरपेराझिनचं इंजेक्शन दिलं. त्याला गुंगी आली, उलटी थांबली, आणि "उद्या ईएनटी ओपीडीला दाखवा" असं केसपेपरवर लिहून मी त्याला घरी पाठवलं. जाताना दोघांनी धरून नेलं. मी त्याला चालायला लावलंच नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो अर्धवट शुद्धीत परत आला. लहान मेंदूत पक्षाघाताचा झटका येऊन सूज चढली होती. ऑपरेशन होऊन तो वाचला, पण डोक्यावर पाटी घेणं कायमचं बंद झालं. हे मी केलं, कुणा दुसऱ्याने नाही.

सीटीला मेंदूच्या मागच्या भागातला ताजा झटका बहुतेक वेळा दिसतच नाही. आजूबाजूची जाड हाडं त्या चित्रात आडवी येतात, आणि रक्त अडल्यानंतर पहिल्या तासांत सीटीत बदल फारसा उमटत नाही. तरीही 'सीटी नॉर्मल' हे दोन शब्द वाचले की आपण सगळे सुस्कारा टाकतो. मीही टाकला होता.

कॉलेजमध्ये शिकवलं होतं की रुग्णाला विचारा, चक्कर कशी आहे? आता मराठीत बघा: चक्कर, भोवळ, घेरी, गरगरणं, अंधारी येणं, तोल जाणं, डोकं हलकं होणं. घाबरलेला माणूस यातला कुठलाही शब्द उचलतो आणि दहा मिनिटांनी दुसराच सांगतो. मुंबईत तर अर्धे पेशंट हिंदीत नाहीतर गुजरातीत सांगणार. त्या शब्दावर निदान उभं करणं हीच चूक. विचारायचं ते हे: कधी सुरू झालं, किती वेळ टिकतं, कशाने येतं. कूस बदलताना मिनिटभर येत असेल तर आडवं करून बघा. अधूनमधून आपोआप येऊन जात असेल तर मायग्रेन आणि मेनिएरपासून (हा आतल्या कानाचा आजार) येऊ घातलेल्या पक्षाघातापर्यंत सगळं डोक्यात ठेवा. आणि तासन् तास अखंड चालू असेल, डोळे झटके देत असतील, तर तिथे खरी परीक्षा आहे.

त्या परीक्षेसाठी 'हिंट्स' नावाची तीन तपासण्यांची जोडणी आहे. डोकं झटकन हलवून नजर टिकते का ते पाहणं, डोळ्यांच्या झटक्यांची दिशा नजरेबरोबर उलटते का ते पाहणं, आणि एकेक डोळा झाकून दुसरा वर-खाली सरकतो का ते पाहणं. २००९ मध्ये १०१ रुग्णांवरचा अभ्यास आला. त्यात तज्ज्ञांनी केलेल्या या तपासणीतून एकही पक्षाघात निसटला नाही. पहिल्या ४८ तासांतला एमआरआय मात्र सुमारे १२ टक्के जणांत फसला. एमआरआय! ज्याच्या नंबरासाठी आपल्याकडे नातेवाईक रात्रभर कॉरिडॉरमध्ये सतरंजी टाकून बसतात.

पण 'तज्ज्ञांनी केलेल्या' हे विसरायचं नाही. ही तपासणी अर्धवट शिकणं धोक्याचं आहे. डोकं हलवण्याच्या तपासणीत नजर सुटली, तर दोष बहुधा कानाच्या नसेत असतो. नजर अगदी व्यवस्थित टिकली, तर भीती मेंदूची. हे सरळ डोक्यात बसत नाही. त्यात कुणी ती भांडुपच्या काकूंसारख्या पेशंटवर केली, जिला बसल्यावर काहीच होत नाही, तर उत्तर 'नॉर्मल' येणार आणि डॉक्टर उगाच पक्षाघात समजून धावणार. अमेरिकेतल्या इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनेने २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यातही हिंट्स प्रशिक्षण घेतलेल्यानेच करावी असं म्हटलंय.

मग प्रशिक्षण कुठे मिळतं? आपल्याकडे इमर्जन्सी मेडिसिनला स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता मिळाली २००९ मध्ये. आजही रात्री दोन वाजता दारात उभा असतो तो बहुतेक वेळा एमबीबीएस झालेला सीएमओ किंवा इंटर्न. इंटर्नला कॅज्युअल्टीचे मिळतात जेमतेम पंधरा दिवस. त्यात टाके, प्लास्टर, पोलीस केसचे कागद. चक्करचं एक लेक्चर ईएनटीत होतं, एक मेडिसिनमध्ये, आणि दोन्हीकडे पेशंटचे डोळे कुणी दाखवत नाही.

हॉटेलातल्या सीएमईने, म्हणजे डॉक्टरांसाठीच्या व्याख्यानांनी, हे होणार नाही. स्लाइडवर बाण काढून बुबुळाची हालचाल कळत नाही. आम्ही गेली तीन वर्षं आमच्याकडे एवढंच करतोय: नवी बॅच आली की पहिल्या आठवड्यात दोन तास, ट्रॉलीवर, एकमेकांवर सराव. मग ड्युटीवर चक्करचा पेशंट आला की त्याच्या परवानगीने मोबाइलवर डोळ्यांचा स्लो मोशन व्हिडिओ, आणि सकाळी आठला ड्युटी बदलताना दोन्ही टीमनी मिळून तो बघायचा. पाच मिनिटं. बॅच दर सहा महिन्यांनी बदलते, त्यामुळे शिकवणंही दर सहा महिन्यांनी पुन्हा. आणि एक नियम भिंतीवर चिकटवलाय: चक्करच्या कुठल्याही पेशंटला चालवून बघितल्याशिवाय घरी सोडायचं नाही.

"इतक्या गर्दीत वेळ कुठे आहे, मॅडम?" हे मला दर वेळी ऐकावं लागतं. प्रश्न खरा आहे, मी त्या गर्दीतच उभी असते. पण सीटीला न्यायला वॉर्डबॉय मामा शोधणं, लिफ्टची वाट बघणं, रिपोर्ट येणं, यात तास जातो. आडवं करून बघायला दोन मिनिटं लागतात. काकूंच्या तीन खेपांत किती डॉक्टरांचे किती तास गेले, तेही मोजा.

चक्करच्या गोळ्या महिनोन् महिने लिहून देणाऱ्यांनाही हात जोडून विनंती. त्या गोळ्या खडे हलवत नाहीत. सिनारिझिन, प्रोक्लोरपेराझिन म्हाताऱ्या माणसांना दीर्घकाळ दिली तर हात कापायला लागतात, चाल जड होते, आणि मग त्यावर पार्किन्सनची गोळी सुरू होते. अशा दोन आजी मी पाहिल्यात.

मुंबई, ठाणे, कल्याण, वसई, कुठलीही कॅज्युअल्टी असो, सरकारी किंवा पंधरा खाटांचं नर्सिंग होम. रविवारी बोलवा, मी येते. पैसे नकोत. एक ट्रॉली लागेल, तिचा डोक्याकडचा भाग खाली जाणारा असेल तर उत्तम. नसेल तर खांद्याखाली उशी घालून चालतं.