चेहरे चार, गरज एक

मराठी मालिका-कादंबऱ्यांवर चर्चा निघाली की एक तक्रार ठरलेली: नायिका सासूपुढे गरीब गाय, मैत्रिणीपुढे फटकळ, ऑफिसात वाघीण, मग खरी कोणती? परदेशात राहणाऱ्याला या प्रश्नाची गंमत वाटते. मीटिंगमधला आवाज, आईशी फोनवरचा आवाज आणि मुलांवर ओरडतानाचा आवाज एकाच बाईचे असतात, आणि त्यातला एकही खोटा नसतो. तरी तक्रार उडवून लावू नये. दुखणं खरं आहे, निदान चुकलंय.

नॉर्वेचा नाटककार हेन्रिक इब्सेन याच्या 'अ डॉल्स हाउस' नाटकाची नायिका नोरा घ्या. १८७९ चं हे नाटक त्यानेही मायदेशाबाहेर, इटलीत लिहिलं. नवऱ्यापुढे नोरा लाडिक. नाताळची भेट म्हणून रोख पैसेच मागते, आणि तो तिला उधळी समजतो. जुन्या मैत्रिणीला, क्रिस्टीनला, ती अभिमानाने सांगते की नवऱ्याच्या आजारपणात पैसे मीच उभे केले. हे पैसे नवऱ्याला न सांगता ज्याच्याकडून कर्जाऊ घेतले, त्या सावकार क्रोग्स्टाडशी आधी तोऱ्यात बोलते, मग अडकते: वडील वारले २९ सप्टेंबरला, जामीन म्हणून त्यांची सही मात्र २ ऑक्टोबरची, म्हणजे तिनेच केलेली! घरोब्यातल्या डॉक्टर रांकला रेशमी मोजे दाखवून खेळवते, पण त्याने प्रेम कबूल करताच मदत मागणंच सोडून देते. चारही ठिकाणी मुळाशी तेच कर्ज आहे, म्हणून ही बाई तुटक वाटत नाही.

लिहिणाऱ्याने प्रत्येक नात्यापुढे तीन रकाने भरावेत: या माणसाकडून तिला काय हवंय, त्याच्यापासून काय लपवायचंय, उघड झालं तर काय जाईल. तिसरा रिकामा राहिला की तो चेहरा म्हणजे नुसता साडीबदल. मालिकांत बहुधा हेच होतं.

दुसरी चूक मांडणीतली. सासू एका सीनमध्ये, बॉस दुसऱ्यात. दोघांची गाठच पडत नाही. इब्सेन मात्र माणसं एका खोलीत आणतो. नवऱ्याने बंदी घातलेले मॅकरून, म्हणजे बदामाची गोड बिस्किटं, नोराच्या हातात पाहून रांक चकित होतो, तेव्हा ती क्रिस्टीनने दिले म्हणून ठोकून देते. क्रिस्टीन तिथेच बसलेली!

संवाद तपासायचा तर समोरच्याचं नाव झाकून वाचा. ती कोणाशी बोलतेय हे 'अहो', 'अगं', वाक्याची लांबी, अर्धवट तोडलेला शब्द यांवरून कळलं पाहिजे. आणि दोघे एकत्र असतील तर तिने एकाच्या सुरात बोलावं, दुसऱ्याने ते टिपावं.