ब्रेकची धूळ फुंकू नका, आणि तो मेसेज पुढे पाठवू नका

रविवारी सकाळी भांडुपला काकांकडे गेलो, तर ते बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये पाट टाकून बसलेले. समोर त्यांची जुनी वॅगन आर, मागचं डावं चाक काढलेलं, ब्रेकचा ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारं लोखंडी भांडं, हातात. मी हाक मारणार तेवढ्यात त्यांनी ड्रम तोंडाजवळ नेला आणि जोरात फुंकर मारली. काळपट धूळ भस्सकन उडाली. त्यांच्या मिशीवर बसली, बनियनवर बसली, आणि शेजारी मोबाइलचा टॉर्च धरून उभ्या असलेल्या त्यांच्या सहा वर्षांच्या नातीच्या केसांवरही बसली.

मी ओरडलो. काकांवर आजवर कधी आवाज चढवला नव्हता. ते गोंधळले आणि मोबाइल पुढे करून म्हणाले, "अरे, यात लिहिलंय तसंच तर करतोय."

"गॅरेजवाल्यांची लूट थांबवा, मागचे ब्रेक अर्ध्या तासात घरीच बदला" हा तो मेसेज. आमच्या घरच्या ग्रुपवर तीनदा येऊन गेलाय, तुमच्याकडेही आला असेल. त्यात सांगितलंय ते थोडक्यात असं: हँडब्रेक घट्ट ओढून गाडी जॅकवर घ्या. ड्रम काढा, आतली धूळ फुंकून किंवा हवा मारून साफ करा. ज्या बाजूचा लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणारा थर) झिजलाय तेवढाच बदला. ब्रेक किरकिरत असतील तर लायनरवर तेलाचं बोट फिरवा. शेवटी हँडब्रेकची केबल ताणा, ब्रेक ॲडजस्ट झाले. आणि वर दिलासा, की मागचे ब्रेक नावालाच असतात, थोडं चुकलं तरी बिघडत नाही.

मी गॅरेजवाल्यांचा वकील नाही. माझ्या गाडीचे मागचे ब्रेक गेली कित्येक वर्षं मीच करतो, म्हणून तर हे वाचून डोकं फिरलं.

धुळीपासून सुरुवात करतो, कारण बाकीच्या चुका निस्तरता येतात. ही येत नाही.

ड्रमच्या आतली ती काळी भुकटी म्हणजे झिजलेला लायनर. वर्षानुवर्षं लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस हे तंतुमय खनिज वापरत आले, कारण ते उष्णतेला दाद देत नाही. त्याचे तंतू डोळ्यांना दिसत नाहीत. श्वासातून आत गेले की फुफ्फुसात रुततात आणि तिथेच राहतात. सगळ्या प्रकारच्या ॲस्बेस्टॉसने माणसाला कॅन्सर होतो, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते. आणि तो लगेच दिसत नाही, वीस-तीस-चाळीस वर्षांनी उभा राहतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये ॲस्बेस्टॉस कामगारांच्या खटल्यात निकाल दिला, त्यात प्रत्येक कामगाराच्या तब्येतीची नोंद नोकरी लागल्यापासून किमान ४० वर्षं जपून ठेवा असा आदेश आहे. चाळीस वर्षं. काका ६८ चे आहेत. त्यांची नात सहाची आहे. हिशोब तुम्हीच करा.

"आता कुठे असतं ॲस्बेस्टॉस?" असं काकांनी विचारलं, आणि प्रश्न रास्त आहे. चांगल्या कंपन्यांच्या खोक्यावर आता 'नॉन-ॲस्बेस्टॉस' छापलेलं असतं. काकांच्या ड्रममध्ये ते होतंच असं मीही म्हणत नाही. पण भारतात ॲस्बेस्टॉसच्या वापरावर सरसकट बंदी नाही. जुन्या गाडीत मागच्या मालकाने कुठल्या दुकानातून कुठले लायनर टाकले होते, हे कोण सांगणार? बघून ओळखता येत नाही, वासाने नाही, रंगाने तर नाहीच. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २००७ मध्ये ब्रेक आणि क्लचचं काम करणाऱ्यांसाठी एक पत्रक काढलं, त्यात याच अडचणीवर उपाय आहे: प्रत्येक ब्रेकमध्ये ॲस्बेस्टॉस आहे असं धरूनच काम करा. हवा मारू नका, कोरड्या फडक्याने किंवा ब्रशने झटकू नका. घरी काम करणाऱ्यांचाही त्यात वेगळा विचार केलाय. स्प्रेच्या बाटलीने बारीक फवारा मारून सगळं भिजवा, मग फडक्याने पुसून घ्या, आणि कामाचे कपडे बदलल्याशिवाय घरात जाऊ नका. यात काही महागडं आहे का? झाडांवर पाणी मारायची बाटली प्रत्येक घरात असते. पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाका. पुसलेलं फडकं दोन पिशव्यांत बांधून टाका, धुऊन परत वापरू नका.

त्या मेसेजमध्ये या जागी एकच शब्द आहे. "फुंका."

आता हँडब्रेकचं. ज्याने कुणी हे लिहिलंय त्याने आयुष्यात एकही ड्रम काढलेला नाही, हे पहिल्याच सूचनेवरून कळतं. बहुतेक साध्या गाड्यांत हँडब्रेक मागच्याच चाकांना लागतो. तो ओढला की आतले दोन्ही शू, म्हणजे लायनर चिकटवलेले अर्धगोल पत्रे, फाकून ड्रमला आतून घट्ट दाबून धरतात. मग ड्रम बाहेर यायचा कसा? काकांनी पाऊण तास हातोडी मारली. ड्रमच्या कडेला टवके उडालेले मी डोळ्यांनी पाहिले. ड्रम काढायचा तर हँडब्रेक सोडावाच लागतो. तरी अडला तर बऱ्याच ड्रमवर आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत मापाचे दोन बोल्ट घालून आलटून पालटून थोडे थोडे पिळले की ड्रम आपोआप पुढे सरकतो, हातोडी लागत नाही.

पण खरी भीती पुढची आहे. मागची चाकं हवेत आणि हँडब्रेक सोडलेला, म्हणजे गाडी धरून ठेवायला फक्त पुढची चाकं उरली. भांडुपला जाऊन आलेल्याला तिथल्या चढउताराबद्दल सांगायला नको. काकांच्या पार्किंगचा उतार थेट गेटकडे जातो. गाडीखाली होता डिकीतला जॅक, तो स्टेपनी बदलण्यापुरता असतो, आणि पुढच्या चाकाला टेकवलेली अर्धी वीट. गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडाचे ठोकळे लावा, आणि वजन घोडीवर घ्या. घोडी म्हणजे जॅक स्टँड, कुर्ल्याला सीएसटी रोडवर मिळतात. सपाट जागा नसेल तर हे काम तिथे करूच नका. यात मी तडजोड करणार नाही.

केबल ताणली की ब्रेक ॲडजस्ट होतात, हा सगळ्यात फसवा मुद्दा, कारण केल्यावर खरंच बरं वाटतं. हँडब्रेक दोन खटक्यांत लागतो. आत काय होतं ते बघा. केबलच्या टोकाचा लिव्हर एका शूला जोडलेला असतो. हँडब्रेक खाली असताना तो लिव्हर पूर्ण मागे येऊन टेकायला हवा. केबल ताणून ठेवली तर तो अर्धवट ओढलेला राहतो, शू आपल्या जागेवर परतत नाही, आणि बऱ्याच गाड्यांत आपोआप ॲडजस्ट होणारी जी यंत्रणा असते तिचं कामच बंद पडतं. म्हणजे पायातला ब्रेक होता तसाच खोल राहतो. त्यात शू ड्रमला घासत असतील तर ट्रॅफिकमध्ये ड्रम तापतो, जळका वास येतो.

योग्य क्रम याच्या उलट आहे. आधी केबल सैल. मग शू आणि ड्रममधलं अंतर ठरवणारा शूंमधला ॲडजस्टर, जिथे दातेरी चाक असतं तिथे ते एकेक दात फिरवत. ड्रम चढवून हाताने फिरवा. एका फेरीत कुठेतरी हलकं 'खस्स' ऐकू यावं, पण ड्रम अडता कामा नये. दोन्ही बाजूंना सारखं. मग पेडल दहा-बारा वेळा दाबा म्हणजे शू मध्यावर बसतात, आणि पुन्हा फिरवून बघा. हे सगळं झाल्यावर हँडब्रेकचे खटके मोजा. गाडीच्या पुस्तकात आकडा असतो. त्यात बसत नसेल, तरच केबलला हात लावा.

लायनरवर तेल? हे लिहिणाऱ्याला काय म्हणावं. लायनर तेल पितो, ते धुऊन निघत नाही, आणि त्या बाजूचं चाक धरेनासं होतं. पावसाळ्यात रात्रभर उभ्या गाडीच्या ड्रमला आतून गंजाचा पातळ थर धरतो, सकाळचा आवाज बरेचदा त्याचाच असतो, चार वेळा ब्रेक मारले की जातो. ग्रीस लागतं, पण ते शू मागच्या पत्र्यावर जिथे टेकतात त्या उंचवट्यांवर, तेही उष्णता सोसणारं आणि नखाएवढं.

एकाच बाजूचे शू बदलणं चूक. दोन बाजूंची पकड वेगळी झाली की गाडी एका अंगाला ओढते. सेट चारचाच येतो, चारही बदला. मात्र एका वेळी एकच बाजू उघडा, म्हणजे स्प्रिंगा कशा होत्या ते दुसऱ्या बाजूला बघता येतं. आणि ड्रम बाहेर असताना पेडलवर पाय नको, शूंना बाहेर ढकलणाऱ्या व्हील सिलेंडरचा पिस्टन बाहेर येतो. मग ब्रेक ऑइल सांडतं आणि ब्रेकच्या नळीत शिरलेली हवा काढण्याचं वेगळंच काम मागे लागतं. काही मॉडेलमध्ये ड्रम आणि बेअरिंग एकत्र असतात. तिथे मधला मोठा नट ठरल्या मापाने आवळावा लागतो. ते माप दाखवणारा पाना नसेल तर गॅरेज गाठा. 'अर्धा तास' विसरा, मला अजूनही दोन्ही बाजू मिळून अर्धी सकाळ लागते.

एक गोष्ट कबूल करतो. ब्रेक मारल्यावर गाडीचा भार पुढे जातो, त्यामुळे जास्त काम पुढचेच ब्रेक करतात आणि मागचे लायनर पुष्कळ टिकतात. लायनर शिल्लक असताना बदलून बिल लावलेलंही मी पाहिलंय. तेव्हा काढलेले जुने शू मागून घ्या, तुमचा हक्क आहे. पण मागचे ब्रेक 'नावालाच' असतील, तर फ्लायओव्हरच्या चढावर जॅममध्ये तुम्ही हँडब्रेक ओढून उभे असता, तेव्हा मागच्या बसवर गाडी जाऊ न देणारं काय असतं?

त्या दिवशी नातीला आधी वर पाठवून डोक्यावरून अंघोळ घालायला सांगितलं. मग काकांनी आणि मी सगळं भिजवून पुसलं, डाव्या बाजूचे शू बसवले. उजवी बाजू या रविवारी, सपाट जागेवर, घोड्या मी घेऊन जाणार आहे. तोवर गाडी हलणार नाही, चाव्या काकूंकडे आहेत.

रात्री काकांनी घरच्या ग्रुपवर त्या मेसेजखाली स्वतः लिहिलं, "यातलं काही करू नका. मी धूळ फुंकली तेव्हा पोर शेजारी उभी होती."