गल्लीतला म्हातारा हलवायचाय? मग हे करा

परवा रात्री बेळगावातल्या आमच्या गल्लीच्या ग्रुपवर वर्गणीचा मेसेज आला. गणपती जवळ आलेत, त्याचीच असणार म्हणून उघडला, तर वेगळंच. कोपऱ्यावर भावाभावांच्या कोर्टकज्ज्यात शटर बंद पडलेलं एक दुकान आहे. त्याच्या पायरीवर लोखंडी सळ्या बसवायच्या, टोकं वर काढून. घरटी 500 रुपये. कारण काय, तर त्या पायरीवर एक म्हातारा झोपतो आणि गल्लीचा लूक जातो. खाली अंगठ्यांची रांग. एकानं "स्तुत्य उपक्रम" लिहिलं, त्यावर पुन्हा जोडलेले हात. मी विचारलं, "पंचकाका, तो जाणार कुठं?" उत्तर आलं, "ते त्यानं बघायचं की. आम्ही काय ठेका घेतलाय?"

बरोबर आहे. एवढं चांगलं काम आमच्याच गल्लीपुरतं का राहावं? शहापूर, वडगाव, अनगोळ, टिळकवाडी, सगळीकडच्या पंचमंडळींना उपयोगी पडेल असं मार्गदर्शन करतो. फुकट.

सळ्या टोकदारच घ्या. बोथट घेतल्या की माणूस वर पोतं अंथरून झोपतो आणि तुमचे 500 पाण्यात. मधे एखादी तुळशीची कुंडी ठेवा. सुशोभीकरण होतं, नगरसेवकाला नारळ फोडायला बोलावता येतं, आणि म्हातारा कुंडी हलवायला धजत नाही. पाया पडून निघून जातो. 2016 च्या जानेवारीत देशातल्या पहिल्या वीस स्मार्ट शहरांत आपलं नाव आलंय, त्याला जागायला नको?

मग तो कोण आहे ते ठरवा. त्यालाच विचारायला जाऊ नका, विचारलंत तर तो सांगेल. आमचा म्हातारा पहाटे अंधारात उठतो, पुठ्ठ्याची घडी घालून पोत्यात सारतो, शटरच्या कडेला खोचलेला खराटा काढून पायरी आणि पुढचं गटार झाडतो, आणि रविवार पेठेकडे चालू लागतो. जन्मभर तिथं हमाली केली. आता ट्रक उतरवायला त्याला कोण घेत नाही, म्हणून फुटक्या पोत्यातून सांडलेलं धान्य भरून दे, गाडीवर नजर ठेव, चहा आणून दे, असली कामं करतो. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला दोन बोटं खाली आलाय. हे असलं काही कळलं की सळ्यांची वर्गणी द्यायला हात जड होतो. त्यापेक्षा लांबूनच बघा आणि खातं निवडा: भिकारी, वेडा, नाहीतर बाहेरचा.

भिकारी निवडलंत तर कायदा तुमच्या बाजूनं. कर्नाटकाचा भिक्षा प्रतिबंधक कायदा 1975 चा आहे आणि त्यात हात पसरलाच पाहिजे असंही नाही. पोट भरायचं साधन दिसत नाही आणि माणूस सार्वजनिक जागी रेंगाळतोय, भीक मागूनच जगत असेल असं वाटतंय, एवढ्यावर भागतं. (पोट भरायचं साधन दिसत नाही असे भर दुपारी चौकात बसलेले निम्मे कार्यकर्ते मला दाखवता येतील, पण ते असो.) गाडी येते, घेऊन जाते, पुनर्वसन होतं. 2010 च्या ऑगस्टमध्ये बंगळूरला मागडी रोडवरच्या केंद्रात असं पुनर्वसन चालू असताना ओळीनं माणसं मेली होती. एवढ्या लांबचं तुम्ही बघू नका.

वेडा निवडलंत तर धारवाडचं मनोरुग्णालय. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा म्हणतो की असा कुणी भटकताना दिसला तर त्याला संरक्षणात घ्यायचं आणि चोवीस तासांच्या आत सरकारी दवाखान्यात तपासणीला न्यायचं, ही जबाबदारी ठाण्याच्या अधिकाऱ्याची. हे ठाण्यात जाऊन सांगू नका. तुमचीच तपासणी करतील.

बाहेरचा निवडलंत तर तिकीट काढून बसमध्ये बसवा. निपाणीवाल्यांनाही कुणीतरी हाच सल्ला दिलेला असणार, तेव्हा एक गेला की दुसरा येईल. तयारी ठेवा.

आता सीमाभागासाठी खास. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर कन्नड 60 टक्के आहे की नाही हे बघायला माणसं टेप घेऊन फिरतात. आपणही कमी नाही. एका फलकावरून मराठी पुसली गेली की अर्धा दिवस गल्ली बंद. पण त्या पाटीखाली झोपलेला माणूस कुणाचा, यावर आजवर एक निवेदन कुणी दिलं नाही. सोपं आहे. मराठी माणसानं समजायचं, हा बागलकोट-विजापूरकडचा. कन्नड माणसानं समजायचं, हा चंदगडकडचा. दोन्ही घरी शांत झोप. आमचा म्हातारा फारच गैरसोयीचा, "मामा" म्हटलं की मराठीत बोलतो आणि "अज्जा" म्हटलं की कन्नडात. दोन्ही संघटनांच्या कामाचा नाही.

ब्लँकेट डिसेंबरातच वाटा. तेव्हा फोटो चांगले येतात. जूनमध्ये त्याला ताडपत्री लागते, पण ताडपत्रीबरोबर फोटो काढून घ्यायला कोण भिजणार? वाढदिवसाला केकही द्या, मधुमेह आहे का विचारू नका. एकदा एकाच रात्री आमच्या म्हाताऱ्याला तीन मंडळांनी तीन ब्लँकेटं दिली. सकाळी त्यानं दोन विकली, तर तिन्ही मंडळांनी त्याला लबाड ठरवलं. ती ठेवायची कुठं होती त्यानं? तुमच्या कपाटात?

डिसेंबरात इथं कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशनही असतं. सुवर्ण विधानसौधकडे जाणाऱ्या रस्त्यांवर खड्डे बुजतात, दुभाजकाला रंग लागतो. म्हातारा हलवायचा अर्ज याच दिवसांत द्या, लवकर काम होतं.

गांधीजींचा उल्लेख मात्र दर भाषणात करा. 1924 साली टिळकवाडीत काँग्रेसचं अधिवेशन झालं, त्यांच्या अध्यक्षतेखाली झालेलं ते एकमेव. शताब्दीला आपण शहरभर दिवे लावले. ते गृहस्थ तेव्हा पंचा नेसत होते. आज तसाच एक उघडा म्हातारा काँग्रेस रोडवर बसलेला दिसला, तर "संशयित इसम, सर्वांनी काळजी घ्या" म्हणून फोटो पहिला कोण टाकेल, यावर तुमच्यातच चढाओढ लागेल.

दवाखान्याचा अभ्यास आधीच करून ठेवा, कारण पावसाळ्यात ही माणसं आजारी पडतात आणि तुमची झोपमोड होते. जुलैतला पाऊस कसा असतो ते बेळगावकरांना मी काय सांगणार. तसल्या झडीत आमच्या म्हाताऱ्याला ताप भरला. पायरीवर पाणी चढलेलं, त्यामुळं आडवंही होता येईना. पोतं डोक्यावर घेऊन बसून होता आणि दात वाजत होते. रुग्णवाहिका बोलावली. ती वेळेत आली, खोटं कशाला बोलू. पुढं दवाखान्यात सुरू झालं. सोबत कोण? मी. नातं? नाही. मग सही कोण करणार? मी करतो. तुम्ही कसे करणार, तुम्ही नातेवाईक नाही. अहो, त्याला नातेवाईकच नाहीत. मग पोलिसांना कळवावं लागेल. ओ साहेब, माणसाला ताप आलाय, खून झालेला नाही! म्हातारा बाकावर ओल्या धोतरात बसलेला, त्याच्याखाली पाण्याचं थारोळं. मला म्हणतो, "जाऊ दे की रे बा. पायरीवर सोड मला."

सलाईन लागलं शेवटी. सकाळी ताप उतरला तसा दवाखान्यातून नाव काढलं, त्याच ओल्या धोतरात, बाहेर पाऊस तसाच. न्यायचं कुठं? निवाऱ्यात. तिथं दारात आधार कार्ड मागितलं. नाही. रेशन कार्ड? नाही. मग वॉर्डातून पत्र आणा. पत्र द्यायला वॉर्डात रहिवासी पुरावा पाहिजे. रहिवासी! ज्याला राहायला जागा नाही म्हणून निवारा पाहिजे, त्यानं आधी राहतो कुठं ते सिद्ध करायचं! शहरी बेघरांच्या निवाऱ्याची केंद्राची योजना वाचा. त्यात लिहिलंय, आत आलेल्या माणसाला रेशन, पेन्शन, ओळखपत्र मिळवून द्यायला निवाऱ्यानं मदत करायची. कर्नाटकात पासष्टीच्या पुढं संध्या सुरक्षा पेन्शन आहे, महिना 1200 रुपये. ती त्याला मिळत नाही, कारण कागद नाहीत. कागद करून देणारी जागा कागद नाहीत म्हणून आत घेत नाही. आणि हे मला खुर्चीत रेलून सांगणाऱ्या माणसाच्या पाठीमागं रिकाम्या खाटा दिसत होत्या. रिकाम्या! गादीचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नाही! मी आवाज चढवला तर मला म्हणे, "सर, भाषा नीट वापरा."

सल्ला एवढाच की सोबत जाऊ नका.

आणि मोजायला तर मुळीच जाऊ नका. 2011 च्या जनगणनेत 28 फेब्रुवारीच्या एका रात्रीत देशभरची बेघर माणसं मोजली, ती 17 लाख 70 हजारांच्या वर भरली. पुढची जनगणना 2027 ची. तोपर्यंत सळ्या बसल्या की आमच्या गल्लीचा आकडा शून्य.

पुरे झालं. माझ्यानं आता हे हसत हसत लिहवत नाही.

लाज वाटू द्या थोडी. त्या पेठेतलं पोतं त्यानं पाठीवर घेतलं म्हणून तुमच्या घरात तांदूळ पोचला. तुमच्या घराच्या स्लॅबवर घमेली वाहिलेली बाई आज कुठं झोपते, विचारलंत कधी? तो तुमचा लूक घालवत नाही. रोज तुमचं गटार तो झाडतो, तुम्ही नाही. तुमच्या मुली रात्री क्लासवरून येताना त्याला घाबरतात म्हणता. माझीही येते. ती त्याला "मामा, जेवलासा काय" विचारते आणि तो "जेवलो की बाय" म्हणतो, न जेवताच. घाबरायचंच असेल तर कोपऱ्यावर बाईक लावून उभ्या असलेल्या तुमच्या पोरांना घाबरा.

आणि पैसे नाहीत म्हणून सांगू नका. घरपट्टीच्या पावतीत ग्रंथालय आणि आरोग्य उपकरांबरोबर आणखी एक ओळ असते, भिक्षुक उपकर, 3 टक्के. याच माणसांच्या नावावर तो आपण वर्षानुवर्षं भरतोय. तो कुठं गेला, एकदा तरी विचारलंत? लाख वस्तीमागं एक निवारा, चोवीस तास, बारा महिने उघडा, हे सर्वोच्च न्यायालयानं 2010 मध्येच राज्यांना सांगितलं. केंद्राच्या योजनेत एकेका निवाऱ्यात निदान पन्नास माणसांची सोय धरली आहे. बेळगाव 2011 मध्येच पाच लाखांच्या घरात होतं. म्हणजे पाच निवारे, अडीचशे खाटा, तेही तेव्हाच्या हिशेबानं. तुमच्या घराजवळचा कुठला, सांगा बघू. त्यात बायकांची वेगळी सोय आहे का? बसस्टँडवर परडी उशाला घेऊन झोपणाऱ्या म्हाताऱ्या जोगतिणीनं रात्री अकराला कुठलं दार ठोठवायचं?

माझे 500 मिळणार नाहीत. ग्रुपमधून काढायचं तर काढा. सोमवारी मी महानगरपालिकेत जाणार आहे, अंगठे दाखवणाऱ्यांपैकी दहा जण तरी चला. खाटा किती, भरलेल्या किती, रात्री दार उघडायला कोण असतं, दारात आधार मागायला कुणी सांगितलं, एवढंच विचारायचंय. उत्तर कन्नडात दिलं तरी चालेल. लेखी द्या म्हणावं.