नाव मोठं, पण हप्ता कोण भरणार?

चार दिवस झाले ताईच्या घरी दुसरा विषयच नाही. भाचीला उत्तरेकडच्या एका मोठ्या प्रायव्हेट युनिव्हर्सिटीत इकॉनॉमिक्सला ॲडमिशन मिळालीये, चार वर्षांचा कोर्स, आणि फी, हॉस्टेल, मेस, येणंजाणं सगळं धरून खर्च जातो २६ लाखांच्या घरात. दुसरीकडे आपली बडोद्याची एमएस, म्हणजे महाराजा सयाजीराव युनिव्हर्सिटी, कारेलीबागेतून स्कूटीवर पंधरा मिनिटं, आणि वर्षाची फी काही हजारांत. शुक्रवारी सीट कन्फर्म करायची शेवटची तारीख. काल रात्री ताईचा फोन आला की तू बँकेत आहेस तर तूच येऊन सांग काय करायचं, म्हणून आज सुट्टी टाकून गेले आणि आल्यावर हे लिहायला बसलेय, कारण हा प्रश्न बडोद्यात दर जून महिन्यात घरोघरी असतो आणि लोक बोलतात फक्त नावाबद्दल.

शेजारच्या काकी आल्या होत्या, त्या म्हणाल्या, "बेन, नाम मोटुं छे ने, पछी बधुं थई रहेशे." म्हणजे नाव मोठं आहे ना, मग सगळं होऊन जाईल. भाऊजींचंही तेच म्हणणं, की आपल्या घरात कोणी एवढं मोठं शिकलं नाही, पोरीने मिळवलंय तर मी कर्ज काढीन. बापाचं हे म्हणणं मला कळतं आणि त्याचा आदर आहे. पण मी बँकेत २७ वर्षं आहे, त्यातली शेवटची सहा कर्जाच्या टेबलावर, आणि "मी कर्ज काढीन" हे वाक्य मी इतक्या वडिलांच्या तोंडून ऐकलंय की मला त्याच्या पुढची दहा वर्षं दिसायला लागतात.

म्हणून मी आधी भाचीलाच वही घेऊन शेजारी बसवलं. सहा लाख घरचे, २० लाख कर्ज, म्हणजे दर वर्षी पाच पाच लाख उचलायचे. व्याज समजा १० टक्के. शिकत असताना आणि त्यानंतर एक वर्ष हप्ता नसतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्या काळात व्याज थांबत नाही हे बहुतेकांच्या डोक्यातच नसतं. पहिल्या पाच लाखांवर पाच वर्षं, दुसऱ्यावर चार, तिसऱ्यावर तीन, चौथ्यावर दोन, असं सरळव्याजाने धरलं तरी सात लाख होतात. म्हणजे हप्ता सुरू व्हायच्या दिवशी डोक्यावर २० नाही तर २७ लाख. दहा वर्षांत फेडायचे म्हटलं तर महिन्याला ३५ हजार ७०० च्या आसपास आणि एकूण भरणा जवळपास ४३ लाख. मुदत वाढवून पंधरा वर्षं केली तर हप्ता २९ हजारांवर येतो, पण मग एकूण ५२ लाख जातात. तिने दोनदा कॅल्क्युलेटरवर करून बघितलं आणि गप्प बसली.

मग तीच म्हणाली, "मावशी, पण मला चांगला जॉब लागेल ना." लागेल की, मला खात्री आहे. पण समजा हातात ४५ हजार येतायत आणि राहायचंय मुंबईत नाहीतर गुडगावला, तर भाडं देऊन ३५ हजारांचा हप्ता कुठून जाणार? तो भाऊजींच्या खात्यातून जाणार. आईवडील सहकर्जदार असतात, हप्ता थकला की सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पत, त्यांचीही खराब होते, आणि भाऊजी मकरपुऱ्याच्या कंपनीतून पाच वर्षांत रिटायर होतायत, म्हणजे बरोबर ज्या वर्षी हप्ता सुरू होणार त्याच वर्षी. साडेसात लाखांच्या वरच्या कर्जाला बँका बहुतेक वेळा तारण मागतात. नावाजलेल्या संस्थांना काही बँका तारणाशिवाय देतात, आणि २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी आली त्यात यादीतल्या संस्थांसाठी तारण आणि जामीनदार लागत नाही, कुटुंबाचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर शिकत असेपर्यंत आणि हप्ता सुरू होईपर्यंत तीन टक्के व्याजाची सूटही आहे. ते सगळं विचारून घ्यावं, हक्काचं आहे. पण तारण नाही म्हणजे कर्ज हलकं झालं असं नसतं, फेडायचं तेवढंच असतं.

आमच्या ब्रँचला एक गृहस्थ यायचे, मुलाच्या एमबीएचं कर्ज होतं, कॉलेज कुठलं ते सांगणार नाही. मुलाला नोकरी लागायला चौदा महिने लागले. तोपर्यंत या माणसाने आपला पीएफ मोडून हप्ते भरले, दर महिन्याला पाच तारखेच्या आधी स्वतः यायचे, स्लिप भरायचे आणि जाताना मला म्हणायचे, "मॅडम, मुलाला फोन करू नका हां, त्याचं टेन्शन वाढतं." मुलगा वाईट नव्हता, कॉलेजही वाईट नव्हतं. पण मला तेव्हापासून कोणी "नाव मोठं आहे" म्हटलं की त्या गृहस्थांचा चेहरा आठवतो.

आता मी मोठ्या नावाच्या विरोधात आहे असं कोणी समजू नका. दोन वर्षांपूर्वी एका रिक्षावाल्या भाईंच्या मुलाचं एनआयटीत झालं, ते म्हणाले जवळच्या कॉलेजात घालतो, कर्ज नको, भीती वाटते, तर मी त्यांना अर्धा तास बसवून समजावलं की पाठवाच. कारण हिशोब वेगळा होता. आयआयटी-एनआयटीत घरचं उत्पन्न वर्षाला एक लाखाच्या आत असेल तर ट्यूशन फी पूर्ण माफ असते, एक ते पाच लाखांमध्ये असेल तर दोन तृतीयांश माफ, एससी-एसटी मुलांना पूर्ण माफ. कर्ज लागलं ते हॉस्टेल-मेसपुरतं, थोडंसं. आणि दुसरं कारण माझ्या मते जास्त मोठं. त्या मुलाच्या घरी, नात्यात, गल्लीत कोणीही नव्हतं जे त्याला सांगेल की इंटर्नशिप काय असते, सीव्ही कसा लिहायचा, कोणाला मेल करायचा. हे सगळं त्याला त्या संस्थेतूनच मिळणार होतं, दुसरीकडून कुठूनच नाही.

ही गोष्ट मला अनुभवाने वाटत होती, मग एकदा वाचलं की अमेरिकेत यावर नीट अभ्यास झालाय. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या दोन अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये एक पेपर छापला. त्यांनी सारख्याच हुशारीची मुलं घेतली, ज्यांनी साधारण त्याच दर्जाच्या मोठ्या कॉलेजांना अर्ज केले होते, आणि बघितलं की जी प्रत्यक्ष मोठ्या नावाच्या कॉलेजात गेली आणि जी साध्या कॉलेजात गेली त्यांच्या पुढच्या कमाईत किती फरक पडला. सरासरीत जवळजवळ काहीच नाही. म्हणजे जी मुलं तिथे जायच्या लायकीची होती ती दुसरीकडे गेली तरी तेवढंच कमावत होती. पण गरीब घरच्या मुलांना फरक पडला होता, आणि नंतरच्या अभ्यासात कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक आणि कमी शिकलेल्या आईवडिलांच्या मुलांबाबतही तेच दिसलं. अमेरिका वेगळी, आपण वेगळे, हे मान्य, पण रिक्षावाल्या भाईंचा मुलगा आणि माझी भाची यांच्यातला फरक मला त्यात स्पष्ट दिसला.

आणि बडोद्याच्या माणसाला हे सांगायला अमेरिकेत कशाला जायला पाहिजे? १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना कोलंबिया युनिव्हर्सिटीत पाठवलं ते कर्ज देऊन नाही, शिष्यवृत्ती देऊन, महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि बदल्यात दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायचा करार. राज्याने पैसे घातले. आणि तरी, ही गोष्ट आपण बडोदेकरांनी विसरायची नाही, १९१७ मध्ये कोलंबियात शिकलेला तो माणूस नोकरीवर हजर व्हायला आला तेव्हा या शहरात त्याला राहायला खोली मिळाली नाही, पारशी धर्मशाळेतून बाहेर काढलं, आणि तो कमाटी बागेत झाडाखाली बसून राहिला. भाची लहान असताना मी तिला तिथे घेऊन गेलेय. जगातल्या मोठ्यात मोठ्या युनिव्हर्सिटीचं नावही त्या दिवशी उपयोगी पडलं नाही. मला रडू येतं हे लिहिताना, दर वेळी येतं.

भाऊजी मध्येच म्हणाले, "एमएसमधून कोण पुढे गेलंय सांगा ना." लोक लगेच वेंकी रामकृष्णन यांचं नाव घेतात, १९७१ ला इथूनच फिजिक्समध्ये बीएससी, २००९ ला केमिस्ट्रीचं नोबेल, आणि आयआयटीत त्यांना ॲडमिशन मिळाली नव्हती. मी ते नाव घेतलं नाही. त्यांचे आईवडील दोघंही शास्त्रज्ञ होते, वडील इथेच बायोकेमिस्ट्रीचे प्रोफेसर, म्हणजे घरात जेवताना जे ऐकू येत होतं ते दुसऱ्या मुलांना कॉलेजातही मिळत नाही. एका नोबेलवरून कॉलेज निवडू नये. अर्थशास्त्राचंच सांगायचं तर आय. जी. पटेल, जे पुढे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले आणि नंतर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे डायरेक्टर, ते १९४९ मध्ये बडोदा कॉलेजात, म्हणजे ज्यातून आपली एमएस झाली तिथे, प्रोफेसर आणि प्रिन्सिपल होते. पण ते तेव्हाचं. आज कोण शिकवतंय ते बघायचं.

म्हणून मी भाचीला म्हटलं चल, आणि आम्ही दोघी आर्ट्स फॅकल्टीत गेलो. तो घुमट मी आयुष्यभर बघतेय, तरी आत शिरताना मान वर जातेच. तिला सांगितलं होतं की बिल्डिंग बघायची नाही, मुलांशी बोलायचं. थर्ड इयरच्या दोन मुली भेटल्या. त्यांनी खरं सांगितलं. काही सर-मॅडम फार चांगले आहेत, विचारायला गेलं तर तास तास देतात, काही लेक्चर होतच नाहीत, मॅथ्स आणि स्टॅटिस्टिक्स स्वतःच्या जिवावर करावं लागतं, प्लेसमेंटच्या भरवशावर राहू नका. हे मला महत्त्वाचं वाटलं. स्वस्त सरकारी युनिव्हर्सिटीत मुलाला ढकलून पालक हात झटकतात, की झालं आता, पैसे वाचले, आणि मग तीन वर्षांनी म्हणतात की कॉलेजच बेकार होतं. तिथे हाताला धरून नेणारं कोणी नसतं, ते घराने करायचं असतं.

वाचलेल्या पैशांतला थोडा भाग तिच्यावरच लावायला हवा, नाहीतर वाचवले कशासाठी? मी ताईला स्पष्ट सांगितलं की घरच्या सहा लाखांतले तीन लाख बाजूला काढायचे आणि ते तिच्या लग्नाचे नाहीत. मॅथ्सला चांगली शिकवणी, बरा लॅपटॉप, उन्हाळ्यात दोन महिने मुंबईत किंवा दिल्लीत राहून इंटर्नशिप, मग ती बिनपगारी असली तरी चालेल कारण भाडं आपण देणार आहोत. सरकारच्या 'स्वयं' या ऑनलाइन पोर्टलवर आयआयटीच्या प्रोफेसरांचे कोर्स फुकट आहेत, पैसे फक्त परीक्षेचे. आणि हंसा मेहता लायब्ररी आहे, तिथे जाऊन बसायची सवय पहिल्या वर्षीच लावायची.

आणि नाव पाहिजेच असेल तर ते एमएला मिळवावं. इकॉनॉमिक्सला तर नुसत्या बीएवर थांबत कोणी नाही, आणि नंतर सगळे विचारतात ते शेवटची डिग्री कुठली. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स आहे, १९४९ ची, आपल्या एमएसच्याच वयाची, आणि फी सरकारीच. पुण्याचं गोखले इन्स्टिट्यूट आहे, मुंबईत रिझर्व्ह बँकेने काढलेली इंदिरा गांधी इन्स्टिट्यूट आहे. तिथे एन्ट्रन्स असते, आणि पेपर तपासणाऱ्याला तुमचं बीए कुठून झालं ते दिसत नाही.

परत येताना सूरसागर तलावापाशी थांबलो तेव्हा भाचीने मला विचारलं, "मावशी, तुला कधी वाटलं का की तू बाहेर जायला पाहिजे होतं?" खरं उत्तर दिलं. १९९१ मध्ये मला पुण्याच्या एका कॉलेजात ॲडमिशन मिळत होती, बाबा नाही म्हणाले, पैशांपेक्षा मुलगी बाहेर राहणार म्हणून, आणि मी इथेच कॉमर्स केलं. मला वाईट वाटलं होतं, बरीच वर्षं वाटत होतं. शिक्षण कमी पडलं म्हणून नाही, तर मला कोणी विचारलंच नाही म्हणून. कर्ज काढून तिला पाठवू नये हे माझं मत आहे आणि ते मी ठामपणे सांगितलंय, पण मुलगी आहे म्हणून घराजवळ बरी असं जर कोणी त्या घरात म्हणालं, तर मी दुसऱ्या बाजूने भांडेन, हेही ताईला सांगून आलेय. बाहेर जायचं, एकटं राहायचं, ते तिला हवंय आणि ते तिला मिळालंच पाहिजे, बीए झाल्यावर, एन्ट्रन्स देऊन, डोक्यावर २७ लाख न घेता.

एक शेवटचा प्रयत्न चाललाय. त्या युनिव्हर्सिटीत घरच्या उत्पन्नावर फीमाफी असते, पण भाचीने फॉर्मच भरला नव्हता, तिला वाटलं आपल्याला कोण देणार. आज संध्याकाळी दोघींनी बसून त्यांना मेल लिहिलाय, भाऊजींचा फॉर्म सोळा जोडून. फीचा एवढा मोठा भाग माफ झाला की कर्ज पाच-सहा लाखांवर आलं, तर मी स्वतः सांगेन की जा, आणि स्टेशनवर सोडायला येईन. नाही झाली तर एमएस.

तुमच्यापैकी कोणी गेल्या पाच-सहा वर्षांत इथून इकॉनॉमिक्समध्ये बीए करून पुढे एमएला बाहेर गेलं असेल, किंवा कोणाच्या मुलांनी केलं असेल, तर मला मेसेज करा. तिला मॅथ्सची तयारी कधीपासून आणि कशी करायची ते विचारायचंय. शुक्रवारच्या आधी कळलं तर फार बरं होईल.