"तुम्ही काय पाहून राहिले? या ना वर!"

आज एका बैठकीत आपल्या नागपुरातले एक जाणते नाट्यकर्मी म्हणाले, "प्रेक्षकांना स्टेजवर ओढणं हे नाटक नाही, समुपदेशन आहे. आणि जगात इतक्या लढाया पेटलेल्या असताना आशेची नाटकं करणं म्हणजे लोकांना गोळी देऊन झोपवणं." चौघांनी माना डोलावल्या. तेव्हापासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकरांना सांगायला नको. अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदी घराघरात शिरली. त्या रात्रीवर काही पोरापोरींनी छोटं नाटक बसवलंय. मी ते एका समाजभवनात पाहिलं. तळमजल्यावर एकटी आजी, पाणी चढतंय, आणि वरच्या मजल्यावरचा माणूस दार उघडत नाही. नाटक तिथेच संपतं, सगळ्यात वाईट जागी. मग तेच पुन्हा सुरू होतं. या वेळी बघणाऱ्यांपैकी कुणीही "थांबा" म्हणायचं आणि आजीच्या जागी उभं राहायचं.

धुणीभांडी करणारी एक ताई उठली. आधी तिनं हात जोडले. नट पक्का, दार उघडेना. मग ती गर्रकन आमच्याकडे वळली आणि ओरडली, "तुम्ही काय पाहून राहिले? या ना वर!" पाच-सात जण खरंच उठले. एवढ्या थापा पडल्यावर दार उघडण्यावाचून त्या नटाला गत्यंतरच राहिलं नाही. हे कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

याला झोपवणं म्हणतात?

ज्यानं ही 'फोरम थिएटर'ची पद्धत घडवली तो नाटककार ऑगस्टो बोआल काही सुखात लोळणारा माणूस नव्हता. १९७१ साली ब्राझीलच्या लष्करी राजवटीनं त्याला तुरुंगात टाकलं, छळलं, मग देश सोडावा लागला. १९७३ साली पेरूत त्याच्या प्रयोगात अशीच एक बाई उठली होती. तिनं सुचवलेला उपाय नटांना मनासारखा करता येईना, तेव्हा चिडून ती स्वतःच रंगमंचावर चढली. तिथून या नाटकाला वाट फुटली. "हे परदेशी खूळ" म्हणणाऱ्यांनी गाडगेबाबा आठवावेत. बाबा कीर्तनात प्रश्न टाकायचे, लोक उत्तरं द्यायचे, आणि त्याआधी गाव झाडून झालेलं असायचं. आपल्या वऱ्हाडातलंच आहे की हे!

हो, यातले काही प्रयोग फार रटाळ होतात, उपदेशाचे डोस पाजतात. मान्य. नाटकानं तलावाचं पाणी उतरत नाही, हेही मान्य.

पण रोज रात्री मोबाइलवर युद्धं, पूर, वणवे बघून आपण उशीत तोंड खुपसतो. आपल्या हातात काहीच नाही, हे आपल्याला पाठ झालंय. त्या ताईला मात्र पहिल्यांदा जमलं नाही तर दुसरं काय करायचं ते सुचलं, आणि ते शंभर लोकांदेखत सुचलं. माझ्या शेजारचे काका, जे सोसायटीच्या मीटिंगमध्ये कधी तोंड उघडत नाहीत, तेही थापा मारायला गेले होते. परतले तेव्हा धापा टाकत होते, पण चेहरा असा उजळला होता की काय सांगू.

तीच मंडळी आता नवतप्यावर, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ रखरखीत दिवसांवर, नाटक बसवतायत. भर दुपारी बांधकामावर राबणारे मजूर आणि सुट्टी न देणारा ठेकेदार. त्यांना तालमीला जागा हवी आहे, पंखा असलेली. कुणाकडे रिकामा हॉल, गच्ची, शाळेची खोली असेल तर मला आजच इनबॉक्स करा.