'बाई, लोकांना घाबरवू नका' या प्रतिक्रियेला उत्तर

'एक नाशिककर' या नावाने लिहिणारे गृहस्थ,

परदेशात घटस्फोट होताना इथल्या जोडनावाच्या फ्लॅटचं काय करावं, या माझ्या लेखावर आपण तोफ डागलीत. लेखात मी म्हटलं होतं, की शेवटच्या हुकमाआधी एकाने आपला हिस्सा बक्षीसपत्राने दुसऱ्याला द्यावा. आपलं म्हणणं असं: "अमेरिकेच्या कोर्टाने फ्लॅट बायकोला दिला की तो तिचा झाला, मग बक्षीसपत्राचं खूळ कशाला? बाई, वकिलांची दुकानं चालवायला बसलात का?" शिवाय लेख लांबला आणि सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटचा उल्लेख राहिला.

शेअर सर्टिफिकेटचं बरोबर आहे. त्यावरचं नावही बदलून घ्यावं लागतं, ते लेखात यायला हवं होतं. लेख लांबला, तेही मान्य.

आता हे 'बाई'. याच मजकुराखाली एखाद्या वकिलाचं नाव असतं तर आपण 'साहेब' म्हणून सुरुवात केली असतीत. बँकेच्या कर्ज विभागात माझी उभी नोकरी गेली. तिथेही टेबलासमोर येऊन लोक "साहेब कुठे आहेत?" विचारायचे, आणि साहेब मीच असायचे. गहाणखतं आणि सर्च रिपोर्ट वाचून चष्म्याचा नंबर वाढलेल्या माणसाला दुकानदारी शिकवू नका.

"कोर्टाने दिला की तिचा झाला." हे वाक्य आपण ज्या थाटात लिहिलंत, त्या थाटात माणसं बुडतात. न्यू जर्सीचं कोर्ट न्यू जर्सीत राहणाऱ्या नवऱ्याला 'सही कर' म्हणू शकतं, नाही केली तर अवमानाचा बडगाही दाखवू शकतं. पण पाथर्डी फाट्यावरच्या फ्लॅटची मालकी ते कोर्ट बदलू शकत नाही. स्थावराचा दावा ते जिथे आहे तिथल्या कोर्टात, हे दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 16. परदेशी हुकूमनामा थेट बजावायची सोय 44-अ मध्ये आहे, पण ती सरकारने अधिसूचित केलेल्या देशांपुरती. त्यात ब्रिटन आहे, सिंगापूर आहे, 2020 पासून संयुक्त अरब अमिरातीही आहे. अमेरिका नाही. आणि ती सोयसुद्धा पैशाच्या हुकूमनाम्यांना, फ्लॅटच्या नव्हे.

"अमेरिकेचं कोर्ट काय गल्लीतलं आहे का?" असंही आपण विचारलंत. तिरुपतीला लग्न झालेल्या एका जोडप्याचा मिसूरीतला घटस्फोट आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 1991 मध्ये मानला नव्हता. वाय. नरसिंह राव खटला, वाचून बघा. दोघांनी राजीखुशीने तिथल्या कोर्टाचा अधिकार मान्य केला असेल तर गोष्ट वेगळी, आणि ते मी लेखात लिहिलंय. आपण तिथवर वाचलं असतंत तर.

हे पुस्तकी वाटत असेल तर घरचं सांगते. माझ्या भाच्याचा घटस्फोट न्यू जर्सीत झाला, भांडण नाही, तंटा नाही. इथला फ्लॅट तिला द्यायचा, हेही दोघांनी तिथे लिहून दिलं. आपल्यासारख्याच एका जाणकाराने त्यांना सांगितलं होतं, हुकूम झाला की काम फत्ते. तो अपोस्टिलचा, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकार देतं त्या दाखल्याचा, कागद जोडलेला, सोनेरी शिक्क्याचा गठ्ठा घेऊन मी नोंदणीला गेले. कारकुनाने शिक्क्यावरून बोट फिरवलं, पानं चाळली आणि विचारलं, "हे सगळं ठीक आहे मॅडम, पण दस्त कुठंय?" इंडेक्स टूवर, म्हणजे नोंदलेल्या दस्ताच्या सरकारी उताऱ्यावर, 'लिहून घेणार' (खरेदीदार) मध्ये दोघांची नावं होती तशीच.

खरा फटका पुढे बसला. नवराबायको असताना राहत्या घराचं बक्षीसपत्र केलं असतं तर मुद्रांक शुल्क 200 रुपये होतं, अधिभार वगैरे वेगळा. घटस्फोट झाला की ती बायको राहत नाही आणि 200 रुपयेही राहत नाहीत. 60 लाखांचा फ्लॅट धरला तर त्याच्या अर्ध्या हिश्श्यावर, 30 लाखांवर, 5 टक्क्यांनी दीड लाख, शिवाय अधिभार. त्यात माजी नवरा प्राप्तिकराच्या व्याख्येत 'नातेवाईक' नाही, म्हणजे फुकट मिळालेल्या हिश्श्यावर करही लागू शकतो. 'बक्षीसपत्र नको, हक्कसोड करा' हा आपला सल्लाही विकत घेतलेल्या फ्लॅटला उपयोगाचा नाही. हक्कसोडीची 200 रुपयांची सवलत वडिलोपार्जित मिळकतीला. म्हणून मी लिहिलं की शेवटच्या हुकमाआधी बक्षीसपत्र उरका. याला आपण घाबरवणं म्हणता!

फ्लॅटवर कर्ज असेल तर बँकेची ना हरकत आधी. कर्जातून एकाचं नाव काढायचं की नाही, ते बँक ठरवते, तुमचं न्यू जर्सी नव्हे.

आडगावच्या द्राक्षबागेचं इथे कशाला काढलंत कळत नाही. परदेशस्थाला शेतजमीन बक्षीस म्हणून घेता येत नाही, एवढं आत्ता पुरे. 'तुमच्यासारख्या बायकांमुळे संसार मोडतात' याला उत्तर देत नाही.

आपल्या ओळखीत कुणाचं असं चाललं असेल तर, त्यांच्या वतीने इथे कुणाला सही करता यावी म्हणून, कुलमुखत्यारपत्र तिथल्या वकिलातीतून किंवा नोटरी-अपोस्टिल करून मागवा, आणि इथे पोहोचल्यापासून 3 महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक भरा. आणि पुढची प्रतिक्रिया खऱ्या नावाने लिहा.